चिठ्ठीखालची हळद

१

कुलूप जागच्या जागी होतं आणि आतला माल गेला होता.

कुलूप म्हणजे तरी काय, कागदाची दोन बोटं रुंद पट्टी. नवा कॉम्प्युटर जोडून झाला की वल्लरी डब्याच्या मागच्या स्क्रूवर ती पट्टी डकवायची आणि सही अशी करायची की अर्धी कागदावर यावी, अर्धी पत्र्यावर. याला ती सील म्हणायची. उचलायला गेलं की सील फाटणार, आणि फाटलेलं पुन्हा चिकटवलं तर सहीचे दोन तुकडे जुळणार नाहीत. पोरगी हुशार होती, त्यात मला कधीच शंका नव्हती.

दोन हजार एक साल. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. शुक्रवारची दुपार, बालाघाट नेहमीप्रमाणे पेंगत होतं, आणि आमच्या पुढच्या खोलीत वल्लरीच्या टेबलावरचा पंखा संथपणे फिरत होता. ही खोली मी गल्लीतल्याच या पोरीला वर्षभरापूर्वी दुकानासाठी दिली होती. आमची मुलं नागपूर-पुण्याला उडून गेलेली. घरात कोणाचा तरी वावर असावा, एवढाच माझा स्वार्थ.

तेवढ्यात अपूर्वा दिवाण आली. ही उकव्याला राहते, खाणीचे नकाशे घरी बसून काढून देते. जंगलातल्या वळणांवरून बसनं आली होती, आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा टेबलावर ठेवला, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "वल्लरी, माझ्या मशीनमधली रॅम कोणीतरी काढून घेतली आहे."

रॅम म्हणजे कॉम्प्युटरचं कामाचं टेबल. टेबल मोठं तर कागद जास्त पसरता येतात, हे वल्लरीनंच मला शिकवलं होतं. अपूर्वाला दोनशे छप्पन्नची रॅम दिलेली. एकशे अठ्ठावीसच्या दोन स्टिक. दसऱ्याला मशीन नेलं, तेव्हापासून ते रखडतच होतं. नवी वस्तू, तिला वाटलं असंच असेल. परवा मोठा नकाशा उघडेचना, तेव्हा तिनं स्क्रीनवर मशीनची माहिती काढून पाहिली. रॅम चौसष्ट.

नेमके त्याच वेळी वल्लरीचे वडील जेवणाच्या सुट्टीत आले होते. चैतराम नागपुरे, सिंचन खात्यात बाबू. तीस वर्षांत ज्यांच्या फायलीवर कधी शेरा पडला नाही, असा माणूस. मुलीनं दुकान टाकायचं म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली होती: एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात येता कामा नये. आलं की दुकान बंद, आणि वल्लरीनं सिवनीला आत्याकडे जाऊन बी.एड. करायचं.

वल्लरीनं सगळ्यांसमोर सील तपासलं. सहीचा झोका कागदावरून पत्र्यावर जसाच्या तसा उतरला होता. मग तिनं ब्लेडनं सील कापलं आणि पत्रा सरकवला. आत हिरवी स्टिक एकच. चौसष्टची.

"सील माझंच हाय, बाबा," ती म्हणाली. "सही बी माझीच हाय."

"मंग आत हात कोणाचा गेलता?" चैतरामांनी विचारलं.

या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते खोलीतल्या कोणालाच बोलायचं नव्हतं. सील शाबूत, म्हणजे जे काही झालं ते सील लावायच्या आधी झालं. सील लावायच्या आधी डब्यात हात फक्त वल्लरीचा होता. चैतरामांनी रविवारपर्यंतची मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही तर त्याच दिवशी पाटी उतरवायची.

वल्लरी डबा कलता करून आत बघत होती, तेव्हा तळातून चार-पाच दाणे टपटप टेबलावर पडले. कुंकवानं माखलेले तांदूळ. दसऱ्याच्या अक्षता, मी म्हटलं, आणि झटकायला हात पुढे केला. पण कोणीतरी मागून माझं मनगट धरलं.

२

मनगट धरणारे आमचे हे होते, प्रभाकर देशकर. दुपारच्या झोपेतून उठून आले होते, डोळे अर्धे मिटलेले, पायात एकच चप्पल. त्यांनी ते दाणे एकेक करून वेचले, कागदाच्या पुडीत बांधले आणि खिशात टाकले.

यांची नोकरी सरकारी धान्य गोदामातली. बत्तीस वर्षं तांदूळ तपासला. गिरण्यांतून आलेल्या पोत्यांत बंबी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची, मूठभर नमुना पांढऱ्या तबकात पसरायचा, भिंगातून तुकडा किती, भेसळ किती ते सांगायचं. निवृत्तीनंतर कामं दोनच उरली: वर्तमानपत्र आणि झोप. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत आपल्याला सगळ्यात नीट दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला त्या जागेत त्यांचं घोरणं तेवढं ऐकू येतं.

त्यांनी वल्लरीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ती उंच रजिस्टर उघडून बसली आणि सांगताना तिचा आवाज हळूहळू सावरत गेला. या पोरीची एक रीत मला फार आवडते. गिऱ्हाईक आलं की ती कोणते पार्ट पाहिजेत असं विचारतच नाही. तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करता, असं विचारते. ते ऐकत ऐकत ती पानावर एकेक पार्ट लिहीत जाते, आणि माणूस बोलायचा थांबतो तेव्हा त्याचं मशीन कागदावर तयार असतं.

दसऱ्याच्या आधी तीन गिऱ्हाइकं होती. पहिले डोमाजी लांजेवार, मूळचे राजेगावचे, लालबर्‍याला भाताची गिरणी. ट्रकच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि नात श्रुतिकेचा शाळेचा अभ्यास, एवढंच काम. वल्लरीनं त्यांना चौसष्टची रॅम लिहिली आणि वर एक स्टॅबिलायझर लिहिला, कारण गिरणीची मोटर सुरू झाली की ऑफिसातला बल्ब मंदावतो, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. डोमाजी फुगले होते. सगळ्यांत भारी ते द्यायचं सोडून मले कमी काहून, असं त्यांनी दोनदा विचारलं.

दुसरा रजत, फोटो स्टुडिओवाला. लग्नाच्या सीड्या करतो. त्याला दोनशे छप्पन्नच हवी होती, पण नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे चांगल्या प्रतीच्या एकशे अठ्ठावीसच्या तीनच स्टिक उरल्या होत्या. अपूर्वाचे नकाशे फार जड, म्हणून वल्लरीनं दोन तिला दिल्या आणि एक रजतला. तोही मनात कुढला असणार.

बाकी सगळं तिघांचं एक. मदरबोर्ड तोच, प्रोसेसर तोच, हार्ड डिस्क तीच, आणि डबेसुद्धा तेच पांढरे, कारण व्यापाऱ्याकडे तेवढेच होते. वल्लरीनं प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टेपनं लावली, नाहीतर तिलाही कोणतं कोणाचं ते ओळखू आलं नसतं.

तिन्ही मशीनं दसऱ्याला न्यायची ठरली. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. सुतार रंधा पुजतो, डोमाजी गिरणीचा पट्टा पुजतात, मग कॉम्प्युटरनं काय पाप केलंय. पूजा आमच्याच खोलीत झाली. टेबलाचा एक पाय अधू, म्हणून वल्लरीनं डबे आडवे निजवून ठेवले होते, हवेच्या जाळीची बाजू वर. मी स्वयंपाकघरात पुरणाशी झटत होते. अक्षतांना रेशनचा जाड उसना, म्हणजे उकडा, तांदूळ दिला. चांगला तांदूळ पत्र्यावर उधळायची माझी तयारी नव्हती. डोमाजींना ते रुचलं नाही. त्यांनी रुमालातून आपल्या गिरणीचा तांदूळ आणला होता. तो माझ्याच ताटातल्या कुंकवात चोळला आणि आपल्या मशीनवर मूठ भरून टाकला. मग सगळे जेवायला बसले. मी खोली आवरली. हळदीकुंकवाचे ओघळ मला पाहवत नाहीत, ते पुसल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. जेवणं झाल्यावर रजतच्या व्हॅनमधून तिन्ही मशीनं गेली. अपूर्वाला त्यानं उकव्याच्या बसवर बसवून दिलं, डोमाजींना लालबर्‍याला पोचवलं.

"म्हणजे व्हॅनमध्ये तिन्ही डबे रजतच्याच ताब्यात होते," मी म्हटलं.

वल्लरीनं मान खाली घातली. हे मात्र भिंतीला टेकून पुन्हा झोपले होते.

३

शनिवारी सकाळी आम्ही रजतच्या स्टुडिओत गेलो. मी मनाशी सगळं ठरवून गेले होते. याला रॅम हवी होती, मशीन याच्या व्हॅनमध्ये होतं, राहता राहिली सही.

सहीचं उत्तर तर भिंतीवरच लटकलं होतं. एका लग्नाचा मोठा फोटो, वधूशेजारी हसणारी म्हातारी. ती म्हातारी लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेली होती, रजतनं अभिमानानं सांगितलं. जुन्या फोटोतून उचलून त्यानं तिला मांडवात बसवलं होतं, सावलीसकट. जो गेलेल्या माणसाला उभं करतो, त्याला अर्धी सही काढायला कितीसा वेळ. मी तसं बोलूनही टाकलं. जरा मोठ्यानंच बोलले, शेजारचा पानवाला वळून बघायला लागला.

रजतचा चेहरा उतरला. त्यानं आपलं मशीन सुरू केलं आणि यांना स्क्रीनसमोर बसवलं. काळ्या पडद्यावर पांढरा आकडा धावत गेला आणि एक लाख एकतीस हजारावर थांबला. एकशे अठ्ठावीसची रॅम, दसऱ्याला होती तेवढीच. मागचं सील शाबूत.

चोरलेली दुसरीकडे विकली असेल, मी म्हणणार होते. पण यांनी भलतंच विचारलं. पूजेच्या वेळी खोलीत काय काय हललं?

"काही नाई, काका. डोमाजीकाका म्हणे, मशीनचं तोंड पूर्वेले पाहिजे. तं आम्ही टेबल फिरवला."

"टेबल का डबे?"

"टेबलच. एका कोन्याले ते, एका कोन्याले मी. एक-एक डबा कोण उचलते."

यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. रजत माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या पेटीतून भिंग काढलं. पुडीतले दाणे पांढऱ्या बशीत ओतले, एक पाण्यात धुतला, उन्हात धरला, हुंगला, शेवटी दाताखाली चावला. मग पुढच्या खोलीत गेले. अपूर्वाचा डबा तिथेच होता. त्यावरची तिच्या नावाची चिठ्ठी त्यांनी नखानं सावकाश सोडवली आणि उलटी करून बघितली. कागदाच्या मागच्या बाजूला, टेपच्या चिकट कडेला, हळद लागली होती. पिवळा धूसर डाग. वरच्या बाजूला, नावावर, हळदीचा कणही नव्हता.

मी दारातून हे पाहत होते. चिठ्ठीला हळद लागली यात नवल ते काय, असं म्हटलं.

त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं ज्या नजरेनं ते तबकातल्या तांदळाकडे बघत आले, ती नजर नव्हती. काहीतरी वेगळंच होतं, मऊ, थोडं दुःखी. मग ते पलंगावर जाऊन पडले आणि म्हणाले, उद्या सगळ्यांना लालबर्‍याला न्यायचं आहे, चैतरामलासुद्धा.

४

त्या दुपारी माझाही डोळा लागला. स्वप्नात आमचीच पुढची खोली होती, पण फार लांब झालेली, आणि तिच्या त्या टोकाला खिडकी. खिडकीच्या फळीवर तीन कागद ओळीनं ठेवलेले होते, डोमाजी, रजत, अपूर्वा. वारा नव्हता तरी ते हलत होते. मी त्यांच्यावर वाटी पालथी घालायला धावत होते आणि खोली संपतच नव्हती. जागी झाले तेव्हा हाताला हळदीचा वास येतोय असं वाटलं. मी तो धुऊन टाकला आणि स्वप्न विसरले, निदान तेव्हा तसं समजले.

रविवारी सकाळी रजतची व्हॅन आली. त्याला बोलवायचं धाडस मला झालं नसतं, पण यांनी बोलावलं आणि तो आला. पुढे हे, मागे मी, वल्लरी, चैतराम आणि पहिल्या बसनं आलेली अपूर्वा, मांडीवर तो डबा घेऊन. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं की खाली पाणी आहे की नाही ते कळेना. वल्लरी खिडकीबाहेर बघत होती. तिनं सिवनीची बॅग भरून ठेवली होती, मला सांगितलं नव्हतं, पण तिच्या आईनं सांगितलं. मला त्या खोलीची शांतता आत्तापासूनच ऐकू यायला लागली.

डोमाजींनी कॉम्प्युटरला शाल पांघरली होती आणि वर ताजं झेंडूचं फूल. यांनी बोलायच्या आधी पुडी सोडली आणि दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. हा कोणता तांदूळ, एवढंच विचारलं.

डोमाजींनी दाणा बोटांत फिरवला, नाकाशी नेला. "हे तं आपलं चिन्नोर हाय," ते म्हणाले. "आपल्याच गिरणीचं. पाहा, टोकाले जरा जास्त पॉलिश बसते आपली. कोठून आणलं?"

"उकव्याच्या मशीनच्या पोटातून," हे म्हणाले.

यांनी श्रुतिकेला मशीन सुरू करायला सांगितलं. नववीतली पोर, तिनं आधी मॉनिटरचं बटण दाबलं, तो उजळायची वाट पाहिली आणि मग डब्याचं. काळ्या पडद्यावर आकडा धावू लागला. चौसष्टच्या रॅमला तो पासष्ट हजारावर थांबायला हवा. तो पासष्ट हजार ओलांडून गेला. लाख झाले. दीड लाख झाले. वल्लरी पुढे सरकली, तिचे ओठ आकड्याबरोबर हलत होते. दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस.

"दोनशे छप्पन्न," ती म्हणाली.

डोमाजी म्हणाले, रोज एवढाच येते. त्यांना वाटलं होतं तो मीटर आहे, विजेचा. अपूर्वाच्या घरी एकाच बटणावर सगळं सुरू व्हायचं, स्क्रीन उजळेपर्यंत आकडा निघून जायचा, म्हणून तिला तो कधी दिसलाच नव्हता.

मागचं सील वल्लरीचंच, शाबूत. तिनं ते कापलं. आत एकशे अठ्ठावीसच्या दोन स्टिक होत्या, आणि तळाशी कुंकवानं लाल झालेले दाणे, जाडे, उसने. आमच्या घरचे. यांनी डोमाजींच्या नावाची चिठ्ठी सोडवली. तिच्याही मागच्या बाजूला हळद.

मग यांनी पोत्यावर बसून सांगितलं. डबा कोणीच उघडला नाही. रॅम कोणीच काढली नाही. पूजेच्या वेळी वल्लरीनं आपण मांडलेल्या क्रमावरून ज्याचं मशीन त्याला दाखवलं होतं, म्हणून डोमाजींनी आपलं चिन्नोर आपल्याच मशीनवर टाकलं आणि ते जाळीतून आत गेलं. ज्याच्या पोटात चिन्नोर, ते डोमाजींचं. ते उकव्याला गेलं आणि अपूर्वाचं इथे आलं. आख्खे डबेच बदलले, कुलपासकट.

रजतनं सुटकेचा श्वास सोडला. मी वल्लरीकडे बघून हसले. चैतराम मात्र हसले नाहीत.

"म्हणजे चोरी नाई, गलती हाय," ते म्हणाले. "पण गलती तं दुकानाचीच झाली ना. शर्त चोरीची नव्हती, तक्रारीची होती. तक्रार आली." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. त्यांनी मुलीकडे न बघताच सांगितलं, संध्याकाळी पाटी उतरव.

वल्लरीनं कापलेलं सील टेबलावर ठेवलं. चिठ्ठ्या तिनंच लावल्या होत्या, तिला दुसरं काय सुचणार. मी यांच्याकडे बघितलं. आता तरी काही बोला, म्हणून बघितलं. एवढा उलगडा केला, चिठ्ठ्या कशा चुकल्या तेही यांना ठाऊक असणार.

आमचे हे पोत्याला टेकून डोळे मिटून बसले होते. पण घोरत नव्हते.

५

घोरत नव्हते, म्हणजे जागे होते. जागे असून गप्प होते. या माणसाबरोबर सदतीस वर्षं काढलीत मी. ते कशाची वाट बघत होते, ते मला त्या गिरणीत, कोंड्याच्या वासात उभ्या उभ्या कळलं.

हळद चिठ्ठीच्या मागच्या बाजूला होती. म्हणजे चिठ्ठी लागली तेव्हा डब्याला हळद आधीच लागलेली होती. म्हणजे वल्लरीनं लावलेल्या चिठ्ठ्या कोणीतरी पूजेआधी काढल्या आणि पूजेनंतर परत लावल्या. पूजेनंतर सगळे जेवायला गेले होते. खोलीत एकच माणूस मागे राहिला होता.

खिडकीच्या फळीवरचे तीन कागद मला स्वप्नात दिसले नव्हते. मला ते आठवले होते.

दसऱ्याच्या सकाळी दाराच्या बाजूनं टेबलाशी उभं राहून मी चिठ्ठ्या काढल्या होत्या, नावं हळदीनं पुसली जाऊ नयेत म्हणून. डावीकडून उजवीकडे, डोमाजी, रजत, अपूर्वा, त्याच क्रमानं फळीवर ठेवल्या. डबे वल्लरीनं स्वतः मांडलेले, पूजेच्या गडबडीत तिला चिठ्ठीची गरजच पडली नसणार. मग पुरणात गुंतले. पूजा झाल्यावर फडकं घेऊन आले तेव्हा डब्यांची तोंडं फिरलेली दिसली. पूजेसाठी जागच्या जागी फिरवले असतील, मला वाटलं. आख्खं टेबल फिरलंय हे मला कोण सांगणार. मी डबे पुसले आणि दाराच्या बाजूला त्याच जागी उभी राहून त्याच क्रमानं चिठ्ठ्या लावल्या. पण टेबल अर्धा फेरा फिरलं की डावीकडचं उजवीकडे जातं. फक्त मधलं आहे तिथेच राहतं. रजतचं मशीन मधलं होतं. म्हणून त्याची तक्रार नव्हती.

आणि ज्याचं काही चुकलं नव्हतं त्यालाच मी पानवाल्यासमोर चोर म्हटलं होतं.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. आपली चूक चारचौघांत सांगायची मला सवय नाही. माझ्या हातून मीठसुद्धा जास्त पडत नाही, असं मी गल्लीभर सांगत आले. पण वल्लरी शालीची घडी घालायला लागली होती, शेवटचं काम उरकावं तशी. ते मला पाहवेना.

"चैतरामभाऊ," मी म्हटलं, "चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. आणि चुकीच्या मीच लावल्या. पोरीले माहीतच नाही."

सगळं सांगितलं. फळी, पुरण, फडकं, दाराच्या बाजूला उभं राहणं, सगळं. श्रुतिकेनं वहीवर तीन खोडरबर मांडून वही फिरवून बघितली आणि हो म्हणाली. सांगून झाल्यावर मी रजतकडे वळले आणि त्याची माफी मागितली, पानवाल्यासमोरही मागीन म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू." तेवढ्यानं मला रडू आलं. मी ते पदरानं पुसलं.

चैतरामांनी टेबलावरचं कापलेलं सील उचललं आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"याच्यावर नुसती सही हाय," ते वल्लरीला म्हणाले. "सहीच्या वर गिऱ्हाइकाचं नाव लिहावं का नाई? आन आत काय काय हाय ते? आमच्या खात्यात बिना नावाचा कागद पुढं सरकत नाई."

"आजपासून लिहीन, बाबा."

"आज नाई. आत्ता," ते म्हणाले आणि खिशातला पेन तिच्यापुढे धरला.

वल्लरीनं तिथेच दोन नवी सीलं लिहिली. पहिलं बिघडलं, दुसऱ्यांदा नीट आलं. अपूर्वाचं मशीन अपूर्वाला मिळालं. डोमाजींना आपलं चौसष्टचं परत घ्यायला जड गेलं. दोन लाखाचा आकडा त्यांना आवडायला लागला होता.

परतताना धुकं विरलं होतं आणि पुलाखाली पाणी दिसत होतं. मी यांना हळूच विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं?

"चिठ्ठी उलटवली तेव्हाच. हळद मागं होती आन वर डबा चकाचक. एवढं घासून पुसणारं बालाघाटात दुसरं कोण हाय, आशा?"

मग काल का नाही बोललात, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण वल्लरीनं वळून बघितलं.

"मी बोललो असतो तं तुले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "तू बोलली तं पोरीचं दुकान राहिलं." आणि पाच मिनिटांत ते घोरायला लागले, या वेळी खरोखर.

पुढच्या दसऱ्याला खोलीत सात डबे होते. पूजा झाली, सगळे जेवायला गेले, आणि मी फडकं घेऊन दारात आले. हळदीचे ओघळ पांढऱ्या पत्र्यावरून पार खाली आले होते. मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले, मग फडकं खांद्यावर टाकलं आणि दार लोटून घेतलं.